गुरुवारचं पान

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या होत्या. रोजची नेमाची प्रार्थना आणि तिच्यामुळं येणारं बळ, या विषयावर मंडळात वीस मिनिटं बोला, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, गुडघ्यांमुळं मला जिना नको असेल. रिक्षाचं आम्ही बघू, म्हणाल्या. मी चहा टाकला आणि विषय बदलला.

बळ कसं येतं ते मला सांगता येईल, त्यात काही अवघड नाही. पहाटे पाचला उठायचं. चहा नंतर. पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, गुडघे टेकायचे आणि वहीतल्या त्या वाराच्या पानावरची नावं एकेक करून देवापुढं ठेवायची. हे पन्नास वर्षं करायचं. बळ येतं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी पाचला उठले होते. शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, तेवढ्यात चार मुख्याध्यापक आले आणि गेले, पण माझा आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. त्या बळाचं मी पुढं काय केलं, ते मात्र वीस मिनिटांत, समोसे यायच्या आधी, सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून ठेवते.

वही ही मूळची बाबांची कल्पना. बाबा कॅम्पातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. नाना पेठेतल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. ती मला ताई म्हणायची. छापखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या बाबा घरी आणत आणि दाभणानं शिवून त्यांच्या वह्या करत. बारावं लागलं की आम्हाला तशी एक वही मिळे. सात वारांची सात पानं, वर बाबांच्या सरळ अक्षरात मथळे. सोमवारी आजारी माणसं. मंगळवारी भावंडं आणि नातलग. बुधवारी शेजारी. गुरुवारी ज्यांच्याशी आपलं बिनसलंय ती माणसं. शुक्रवारी स्वतःच्या चुका, शनिवारी आभार, रविवारी मंडळी, म्हणजे सगळं चर्च. भिंतीपलीकडं घड्याळं दुरुस्त करणारे एक मुसलमान चाचा राहत. ते आमच्या बुधवारच्या पानावर असत आणि त्यांना ते माहीत होतं. मी गणितात नापास झाले तेव्हा, आमच्यासाठी जरा कमी माग, स्वतःसाठी जरा जास्त माग, असा सल्ला त्यांनी दिला होता.

बाबा तसे मऊ माणूस. पण गुरुवारच्या पानाच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता. त्या पानावर एखादं नाव चढलं की पुढच्या प्रभुभोजनाच्या आत ते उतरलं पाहिजे. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकरी आणि द्राक्षारस घेणं, महिन्याच्या पहिल्या रविवारी असे, तेव्हा हातात फार तर चार आठवडे. तेवढ्यात त्या माणसाच्या दारात जायचं. त्यानं दार उघडलं नाही, बोलला नाही, तरी चालेल. आपण गेलो की नावावर रेघ मारायची आणि ते नाव त्याच्या मूळच्या पानावर नेऊन लिहायचं. गेलो नाही, तर त्या रविवारी भाकरीला हात लावायचा नाही, समोर आलेलं ताट शेजारच्याकडं सरकवायचं. बाबांनी एकदा ते खरोखर सरकवलं होतं. छापखान्यातल्या फोरमनशी त्यांचं वाजलं होतं. सगळ्या चर्चनं बघितलं आणि आईची मान खाली गेली. संध्याकाळी बाबा सायकल काढून फोरमनच्या घरी गेले.

सकाळची प्रार्थना ज्याची त्यानं करायची. संध्याकाळी सातला मात्र सगळ्यांनी मिळून, खाटेच्या कडेला गुडघे टेकून. धाकटी तिथं हमखास झोपायची. कपाळ खाटेच्या लाकडावर टेकलेलं, तोंड उघडं, लाळ गळतेय. मी कोपरानं ढोसायला लागले की बाबा माझा हात धरत. एकदा ते मला म्हणाले, "राहू दे. झोपलेलं लेकरूही देवाला ओळखू येतं." मला ते आवडलं नव्हतं. मी जागी राहत होते, त्याचं काय, असं मनात आलं होतं. ते अजून आठवतं, म्हणजे चांगलंच झोंबलं असणार.

प्रार्थना चालू असताना कुणी कडी वाजवली तर बाबा उठत. चाचांना किल्ली ठेवायची असे, वरच्या बाईंना रॉकेल हवं असे. बाबा दार उघडत, काय हवं ते देत आणि परत येऊन वाक्य सोडलं होतं तिथून उचलत. मोठी झाल्यावर मी हा ढिलेपणा माझ्या घरात शिरू दिला नाही. गुडघे टेकले की शेवटच्या आमेनपर्यंत उठायचं नाही, असा नियम मी केला. बाबांच्याही एक पाऊल पुढं गेल्यासारखं मला वाटत होतं.

मी शिक्षिका झाले, धाकटी नर्स झाली. तिचं लग्न होऊन ती खडकीला गेली, मी नवऱ्याबरोबर गुलटेकडीला. तिच्या ड्यूट्या बदलत्या, त्यामुळं नेम कसला राहतोय! ती बसमध्ये वही उघडायची. एकदा तर म्हणाली, मंडईच्या स्टॉपपासून डेक्कनपर्यंत माझे सगळे नातलग होतात. मी हसले नाही. पण माझा नवरा गेला तेव्हा हीच धाकटी पंधरा दिवसांची रजा टाकून माझ्याकडं येऊन राहिली. स्वयंपाक केला, माझे केस विंचरले, माझ्या शेजारी झोपली. मी पाचला उठून गुडघे टेकले की तीही उठायची, गुडघे टेकायची आणि तशीच झोपून जायची. त्या पंधरा दिवसांत मी तिला एकदाही ढोसलं नाही.

बाबांच्या मागं आईनं अंथरूण धरलं, तेव्हा तिला धाकटीनं नेलं. नर्स ती, आणखी कोण नेणार? आठ महिने आई तिच्याकडं होती. मी शाळा सुटली की दोन बस बदलून खडकीला जायची, सातला उपासना घ्यायची, गीत म्हणायची आणि साडेआठच्या बसनं परत यायची. आपणही आईची सेवा करतोय, अशी माझी समजूत होती. आईच्या पाठीवरच्या जखमा धुणं, तिला कुशीवर वळवणं, भरवणं, चादरी पिळणं, हे सगळं धाकटी करत होती आणि वर नोकरी.

शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब आणि मंडळीतल्या चार बायका प्रार्थनेला आल्या. आम्ही आईच्या पलंगाभोवती गुडघे टेकले. पाळकसाहेबांचं झालं, एका बाईंचं झालं, आणि धाकटीच्या घोरण्याचा आवाज आला. आईच्या गादीवर डोकं टेकून ती गाढ झोपली होती. त्या बाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. मला लाज वाटली. धाकटीची लाज वाटली, माझी नाही. पुढची पाळी माझी होती.

प्रार्थनेतून टोमणा मारणं ही आमच्या लोकांची खास कला आहे. बाहेरच्या माणसाला ती कळायची नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले, बोलणं थेट देवाशी, मग मध्ये तोंड कोण घालणार? बाबांना या प्रकाराची चीड होती. आणि मी, बाबांची मोठी मुलगी, मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, मरणाऱ्या आईच्या उशाशी ज्यांना घटकाभरही जागं राहवत नाही, त्यांना क्षमा कर. त्यांना तुझं बळ दे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी डोळे उघडले तेव्हा धाकटी जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

लोक गेल्यावर ती मोरीत कप विसळत बसली. मी पर्स उचलली तेव्हा मागं न बघता म्हणाली, "ताई, तू मला बोलली असतीस तर मी भांडले असते. तू देवाकडं तोंड करून बोललीस. मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीस."

मी तर फक्त प्रार्थना केली, असं मी म्हणाले. तिनं कप पालथे घातले आणि आईकडं गेली. चार दिवसांनी आई गेली. दफनाला आम्ही दोघी कबरीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर सलाम म्हणायचो, इतकंच.

आता मी केलेली लबाडी सांगते. धाकटीचं नाव माझ्या वहीत मंगळवारी होतं. ते गुरुवारच्या पानावर यायला हवं होतं, हे मला आईच्या दफनाच्या दिवशीच ठाऊक होतं. एका गुरुवारी मी पेन उघडून बसलेही होते. पण तिथं नाव लिहिलं की चार आठवड्यांत खडकीला जाणं आलं, नाही तर ताट सरकवणं आलं. माझ्या चर्चमध्ये, माझ्या रांगेत! मी पेन बंद केलं. बहीणच तर आहे, मंगळवारी आहेच की, असं स्वतःला सांगितलं. आणि दर मंगळवारी मी तिचं नाव घेत राहिले. तिची तब्येत, तिची नोकरी, तिची मुलगी, सगळं मागत होते. मागून झालं की हलकं वाटायचं, जाऊन आल्यासारखं. दर पहिल्या रविवारी भाकरी घेत होते. हे कुणाला कळणार होतं?

आई गेल्यावरचा दुसरा नाताळ जवळ आला होता. मंगळवारची पहाट होती. खाली मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर चालू होती, सहाला दहाएक मिनिटं कमी असतील. दाराची बेल वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. नाना पेठेत आमच्या दाराची कडी धाकटी अशीच वाजवायची. दुसऱ्या कुणाची तशी पद्धत नव्हती.

त्या क्षणी मी गुडघ्यांवर होते आणि धाकटीचंच नाव माझ्या तोंडात होतं.

मी उठले नाही. नियम नियमासारखा, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर त्यात नियम थोडा होता आणि बाकी सगळा ताठा होता. थांबू दे पाच मिनिटं, आली आहे तर थांबेल, असं मला वाटलं. मी यादी घाईनं संपवली नाही. उलट नवऱ्याकडचे दूरचे नातलग, ज्यांची नावं मी सहसा घेत नसे, तेही त्या दिवशी सगळे घेतले. बेल पुन्हा वाजली नाही. आमेन म्हणून, पदर सारखा करून मी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. कडीला पिशवी अडकवली होती आणि पिशवीत करंज्यांचा स्टीलचा डबा होता.

समोरच्या फ्लॅटमधल्या कांदेबटाट्याच्या अडत्याची बायको दारातला सडा टाकत होती. पांढऱ्या साडीतल्या त्या आपल्या भगिनीच ना, तिनं विचारलं. दहा मिनिटं पायरीवर बसल्या होत्या म्हणे. आत बाई प्रार्थनेत असतील, असं तिनं धाकटीला सांगितलं, तर धाकटी "माहितीय मला" एवढंच म्हणाली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून उतरून गेली.

मी करंज्या खाल्ल्या. आईच्या हातच्यासारख्या झाल्या होत्या. डबा घासून फळीवर ठेवला. रिकामा डबा परत देत नाहीत, तेव्हा काही तरी भरून नेऊ, असं ठरवलं. ईस्टरला नेऊ म्हटलं, मग पुढच्या नाताळाला म्हटलं. एकदा बेसनाचे लाडू केलेसुद्धा, आणि ते मंडळाच्या बायकांना वाटून टाकले. पुन्हा येईल ती, असंही वाटायचं. ती धाकटी आहे, यायचं तिनंच, असं वाटायचं. दोन बसचं अंतर होतं. मी सहा वर्षं ते अंतर मंगळवारी गुडघ्यांवर बसून कापत होते आणि जागची हलत नव्हते.

भाचीचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. वॉर्डातच छातीत कळ आली आणि पंधरा मिनिटांत संपलं होतं. माझ्या हातातला खडा तसाच हातात राहिला. रिक्षात बसले तेव्हा मूठ उघडली.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, आपली भगिनी प्रभूत झोपी गेली. आमच्यात असंच म्हणतात. मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी ते ऐकून आईच्या गादीवर टेकलेलं तिचं डोकं मला दिसलं, तरी मी ताठ उभी राहिले आणि रडले नाही. मागं कुणी तरी दुसऱ्या बाईला सांगत होतं, बघा, मोठी बहीण किती धीराची, प्रार्थनेचं बळ आहे ते. मला त्या बाईचा राग आला नाही. पन्नास वर्षं मी लोकांना हेच दाखवत आले होते.

आमच्यात मेलेल्या माणसासाठी काही मागत नाहीत. माणूस देवाघरी गेलं की आपलं मागणं संपलं. बाबांचं, आईचं, नवऱ्याचं नाव मी वहीतून रीतसर काढलं होतं. पुढच्या मंगळवारी पान उघडलं, धाकटीच्या नावापाशी आले आणि पुढं जाता येईना. घेता येईना आणि काढताही येईना. त्या दिवशी मी रडले. मोठ्यानं, तोंडात पदर कोंबून रडले. आमेन झालं की नाही ते आठवत नाही.

दोन आठवड्यांनी मी करंज्या केल्या, त्या डब्यात भरल्या आणि दोन बस बदलून खडकीला गेले. भाचीनं डबा ओळखला. आईनं कधी तो परत मागितला नाही, म्हणाली. मग आतून वही आणून माझ्या हातात दिली. बाबांची शिवण, बाबांची अक्षरं. पानं पिवळी पडली होती आणि बसमध्ये हाताळून कोपरे गोल झाले होते.

गुरुवारच्या पानावर वरच 'ताई' लिहिलं होतं. त्याच्यावर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ. शेजारी बारीक अक्षरात, 'जाऊन आले. दार बंद होतं.' मी मंगळवारचं पान उलटलं. तिथं माझं नाव पुन्हा लिहिलेलं होतं, नव्या शाईनं, यादीत सगळ्यात वर.

भाची सांगत होती. आजी गेल्यावर दोन वर्षं आई चर्चमध्ये ताट पुढं सरकवायची. लोक विचारायचे, तर अजून एका घरी जायचं राहिलंय, म्हणायची. त्या नाताळाच्या आधी एका संध्याकाळी ड्यूटीवरून आली ती हसतच आली. ताईकडं जाऊन आले, म्हणाली. काय बोललात, असं भाचीनं विचारलं, तर म्हणाली, ताई कामात होती. पुढच्या पहिल्या रविवारी तिनं दोन वर्षांनी भाकरी घेतली, आणि रडली.

म्हणजे माझ्या दारातून ती मोकळी होऊन गेली होती. रागावून गेली असेल, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. त्या सहा वर्षांत दर मंगळवारी ती मला बहीण म्हणून देवापुढं ठेवत होती आणि त्यात काही खोटं नव्हतं. तेच मीही करत होते, आणि माझं सगळं खोटं होतं. तिची झोप देवाला चालली असणार. माझं जागरण चाललं असेल असं मला आता वाटत नाही.

घरी येऊन मी माझ्या वहीत गुरुवारच्या पानावर तिचं नाव लिहिलं. आठ वर्षं उशिरा. चार आठवडे झाले, पहिला रविवार आला. जायला दार नव्हतं. कबरस्तानात जाऊन आले, फुलं ठेवली, पण कबरीला दार नसतं, आणि बाबांच्या नियमात पळवाट काढायचं वय आता राहिलं नाही. मी ताट पुढं सरकवलं. त्याला आता दीड वर्ष झालं, अजून सरकवते. बाईंची साखर वाढली असेल, म्हणून द्राक्षारस टाळत असतील, असं मंडळात ठरलंय, असं ऐकते. अध्यक्षीणबाईंनी तर त्या दिवशी मला कडू कारल्याचा रस सुचवला.

पाचला उठणं सुटलेलं नाही. दुसरं मला काही येत नाही. अध्याय वाचते, गुडघे टेकते, त्या दिवसाची नावं घेते. गुरुवारी तिच्या नावाशी येते आणि गप्प बसते, कारण मागायचं काही नाही. फक्त एक नियम मोडलाय. आता बेल वाजली की नाव तोंडात असेल तसं सोडते, पलंगाला धरून उठते आणि जमेल तेवढ्या घाईनं जाऊन दार उघडते.

दूधवाला असतो.